बुडालेला थेंब

मंगळवार, १३ मार्च १९७९. दुपारी दोन वाजून पन्नास मिनिटांनी पाटनझिरीच्या आरोग्यकेंद्रात रमोतीबाई मरण पावली. वय चोवीस. पाऊण तासापूर्वी तिला मुलगी झाली होती. मुलगी जिवंत होती. तिचे वजन सव्वादोन किलो भरले.

पाटनझिरी भोपाळपासून बासष्ट किलोमीटरवर, रायसेनच्या पलीकडे जंगलाच्या कडेला आहे. रमोती तिथून आणखी नऊ किलोमीटर आतल्या बेलटोल्याची. त्या दिवशी होळी होती. सकाळी सव्वाअकराला नवरा आणि सासू तिला बैलगाडीतून घेऊन आले तेव्हा कळा सुरू होऊन सहा तास झाले होते. केंद्राच्या डॉक्टर सुचेता खापरे यांनी तिची खालची पापणी ओढून पाहिली आणि आधी रक्त काढले. साहलीच्या काचेच्या नळीत हिमोग्लोबिन ५.८ आले. विश्वास बसला नाही म्हणून सुचेताने पुन्हा केले. तेवढेच आले. तिसऱ्यांदा सहा.

हे माप प्रसूतीच्या आधीचे होते. प्रसूतीनंतर जे रक्त गेले ते दोन कपांपेक्षा जास्त नव्हते. अंगात पुरेसे रक्त असलेल्या बाईला तेवढे सोसते.

सासूने पदराच्या गाठीत बांधून आणलेले कार्ड टेबलावर पडले होते. पिवळे, पोस्टकार्डाएवढे. त्यावर दोन तारखा होत्या, ९ जानेवारी आणि २० फेब्रुवारी. प्रत्येक तारखेपुढे दोन चौकोन. डाव्यावर छापलेले ‘तैरी’, उजव्यावर ‘डूबी’. दोन्ही तारखांना खूण उजव्या चौकोनात होती. डूबी म्हणजे रक्ताचा थेंब बाटलीत बुडाला. म्हणजे हिमोग्लोबिन आठच्या वर, बाईने घरी राहायला हरकत नाही. थेंब तरंगला असता तर तिला आठ दिवसांत केंद्रावर आणणे सुमन ठाकुर या नर्सवर बंधनकारक होते. २० फेब्रुवारीनंतर आठ दिवस म्हणजे २८ फेब्रुवारी. भोपाळला नेऊन रक्त द्यायला तेरा दिवस हातात राहिले असते.

सुचेताने नळीतले उरलेले रक्त गोठू दिले, वर साचलेले पिवळसर पाणी, म्हणजे सीरम, वेगळ्या नळीत काढले आणि लसींच्या रॉकेलच्या फ्रीजमध्ये ठेवले. मृत्यूच्या नोंदवहीत कारणाच्या रकान्यात तिने ‘रक्तक्षय’ लिहिले. त्याखाली लिहिले, ‘दोन्ही तपासण्यांत उत्तीर्ण.’

तपासणीचा डबा भोपाळच्या पिपलानीत तयार झाला होता. तो करणारे नरहर पानसे तिथल्या मोठ्या सरकारी कारखान्यात मुख्य निरीक्षक होते. वय एक्कावन्न, मूळचे पुण्याचे, चौदा वर्षे कारखान्याच्या वसाहतीत. त्यांच्या ताब्यात गेजरूम होती. कारखान्यात जितकी मापे वापरली जात, त्यांची मूळ मापे या खोलीत ठेवलेली असत. खोलीचे तापमान बाराही महिने वीस अंश. आत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत.

सुचेताचे वडील १९५६ साली नागपूरचे सचिवालय भोपाळला हलले तेव्हा फायलींबरोबर आलेल्या कारकुनांपैकी एक. पानसे कुटुंबाशी ओळख गणेशोत्सवातली. १९७७ च्या गणेशोत्सवात, पाटनझिरीला रुजू होऊन तीन महिने झाले असताना, ती प्रसादाची ताटली हातात घेऊन पानशांना सांगत होती.

“साडेनऊ, काका. एकशे चाळीस बायकांचं हिमोग्लोबिन लागोपाठ साडेनऊ. माझ्या सिस्टरबाईंना साडेनऊ फार आवडतात.”

“आवडत नाहीत. सोयीचे आहेत,” पानसे म्हणाले. “आठ लिहिलं तर बाईला घेऊन चालत यावं लागतं. बारा लिहिलं तर तू विचारतेस, इतकं कसं? आमच्याकडेही असंच असतं. आकडा मागितला की माणूस आकडा देतो. तू आकडा मागूच नकोस.”

“मग मागू काय?”

“जातं की नाही जात, एवढंच.”

“झालं,” त्यांच्या पत्नी रजनीबाई म्हणाल्या. “सुचेता, आता तुझी सुटका नाही. आमच्या घरात चकलीसुद्धा गेजमधून जाते. जाड निघाली की परत.”

कारखान्यात एखाद्या दांड्याची जाडी कामगाराला मोजावी लागत नाही. त्याच्या हातात दोन तोंडांचे पोलादी गेज असते. दांडा एका तोंडातून गेला पाहिजे आणि दुसऱ्यातून जाता कामा नये. कामगार काही लिहीत नाही. माल या पेटीत किंवा त्या पेटीत टाकतो. पानशांनी बाईच्या रक्तासाठी तसे गेज शोधले. मोरचुदाच्या पाण्यात रक्ताचा थेंब टाकला तर तो पंधराएक सेकंद फुटत नाही. पाण्यापेक्षा जड असेल तर बुडतो, हलका असेल तर वर येतो. रक्तात लाल पेशी कमी असतील तर रक्त हलके असते. ही पद्धत रक्तपेढ्यांत आधीपासून वापरात होती. पानशांनी ती खेड्यातल्या बाईसाठी आठच्या रेघेवर आणली आणि पायी फिरणाऱ्या नर्सच्या हातात बसेल अशी केली. पत्र्याचा जेवणाच्या डब्याएवढा डबा, त्यात रबरी बुचाच्या चार निळ्या बाटल्या, सुया, ड्रॉपर. पाण्याची घनता १.०४३. एका बाटलीत तीस थेंब झाले की ती टाकून द्यायची. बाटल्या भरायचे काम रजनीबाईंनी महिला मंडळाकडे घेतले. दर दुसऱ्या शनिवारी पानशांच्या क्वार्टरच्या मागच्या व्हरांड्यात बारा बायका बसत.

रेघ आठवर येते की नाही हे ठरवण्यासाठी पानशांनी एकशे बारा नमुने तपासले. काही वसाहतीतल्या इस्पितळातले, काही मंडळातल्या बायकांचे. नमुना क्रमांक एक रजनीबाईंचा होता. नोव्हेंबर १९७७ मध्ये सुचेताने पत्रात लिहिले, ‘थोडे नमुने इकडचेही घ्यावेत असे वाटते.’ पानशांनी उलट टपाली कळवले की बासष्ट किलोमीटर बसमध्ये हिंदकळलेल्या रक्ताचा भरवसा नाही, आणि गेज गेजरूममध्ये तयार होते, शॉपवर म्हणजे कामगारांच्या यंत्रांपाशी नाही. कारखान्यात हा नियम मोडणाऱ्याची बदली होत असे. सुचेताने पुन्हा लिहिले नाही.

डब्याच्या झाकणाच्या आत हिंदीत सहा नियम चिकटवले होते. चौथा नियम होता, ‘आँख से नहीं, बोतल से.’ कारखान्याच्या तपासणी विभागात भिंतीवर हेच वाक्य थोड्या फरकाने रंगवलेले होते, कारण अनुभवी निरीक्षक नजरेने माल पास करतात आणि चुकतात. नियमांच्या कागदाखाली दोन सह्या होत्या. न. ग. पानसे. डॉ. सुचेता खापरे.

जानेवारी १९७८ पासून चौदा गावांत काम सुरू झाले. चौदा महिन्यांत ४६३ गरोदर बायका तपासल्या गेल्या. १२९ जणींचा थेंब तरंगला, त्यांना केंद्रावर आणले गेले. केंद्राच्या नोंदीत १९७७ साली बाळंतपणात नऊ मृत्यू होते. १९७८ साली चार.

उरलेल्या ३३४ जणींचा थेंब बुडाला होता. रमोती त्यांतली एक.

शनिवारी, १७ तारखेला, दुपारी साडेतीनला सुचेता पिपलानीच्या बसथांब्यावर उतरली. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात सुमनकडचा डबा. हातात बर्फ भरलेला थर्मास, त्यात रमोतीच्या सीरमची नळी. पानसे सकाळची पाळी करून घरी आले होते. तिने उभ्याउभ्या सांगितले. सांगून झाल्यावर त्यांनी डबा उघडून बुचे पाहिली, एक बाटली उजेडात धरली आणि पायात चपला घातल्या.

“कुठे निघालात?” रजनीबाईंनी विचारले.

“गेजरूमला. बूच सैल राहिलं की पाणी उडतं.”

“मग पाणी घट्ट होईल, काका,” सुचेता म्हणाली. “घट्ट पाण्यात थेंब तरंगतो. हिचा बुडाला आहे.”

“ते मला माहीत आहे. तरी आधी बाटली.”

ते साडेसहाला परतले. चारही बाटल्या त्यांनी हायड्रोमीटरने पाहिल्या होत्या आणि नंतर ठरावीक घनफळ काट्यावर तोलूनही पाहिले होते.

“१.०४३. चारही.”

“म्हणजे बाटली बरोबर आहे.”

“बाटली बरोबर आहे.”

“आणि थेंब बुडाला, तेही बरोबर.”

“सुमनने खूण चुकीच्या चौकोनात केली नसेल तर.”

“दोनदा? सहा आठवड्यांच्या अंतराने?” सुचेताचा आवाज चढला. “काका, तुम्ही आता साहलीची नळी तपासायला मागणार आहात का? तीही आणली आहे मी. घ्या.”

“दे,” पानसे म्हणाले.

रजनीबाईंनी नळी सुचेताच्या हातातून घेतली आणि कपाटावर ठेवून दिली. “उद्या. आज दोघांनी जेवा.”

दुसऱ्या दिवशी रंगपंचमी होती. वसाहतीतली पोरे सकाळपासून बाहेर होती आणि रजनीबाईंनी दाराला आतून कडी घातली. पानशांनी जेवणाच्या टेबलावर आठ बाटल्या मांडल्या. १.०२२ पासून १.०३६ पर्यंत, दोन-दोनच्या अंतराने घनता चढत जाणारी. त्यांना आता रक्त नाही, रक्तातले पाणी तपासायचे होते. रात्री त्यांनी एवढाच विचार केला होता की थेंबात दोन गोष्टी असतात, पेशी आणि पाणी. पेशी कमी असूनही थेंब जड असेल तर जे उरते ते पाणी.

तुलनेला नेहमीचे रक्त हवे होते. रजनीबाईंनी बोट पुढे केले. “नमुना नंबर एक हजर आहे.”

त्यांचे सीरम निघायला तासभर गेला. त्याचा थेंब १.०२४ मध्ये बुडाला, १.०२६ मध्ये मध्येच थांबला, १.०२८ मध्ये वर आला. पानशांनी सव्वीस लिहिले.

रमोतीचा थेंब सव्वीसमध्ये बुडाला. अठ्ठावीसमध्ये बुडाला. तीसमध्ये आणि बत्तीसमध्येही बुडाला. चौतीसमध्ये थांबला.

सुचेता म्हणाली, “तिची प्लीहा बेंबीपर्यंत आली होती. मी पाहिली. इकडे सगळ्यांचीच वाढलेली असते. लहानपणापासून वर्षाला तीन-तीनदा हिवताप. तापाशी झगडून अंगातली प्रथिनं वाढतात, ती पाण्यात उतरतात. पाणी जड होतं. मला हे माहीत होतं. पुस्तकात शिकले होते. पण बाटलीशी त्याचा संबंध आहे हे डोक्यात आलं नाही.”

पानशांच्या वसाहतीत हिवताप नव्हता. दर पंधरवड्याला फवारणी होत असे. इमारतींवरच्या टाक्यांना झाकणे होती आणि डास दिसला तर रहिवासी देखभाल कार्यालयात लेखी तक्रार करत. एकशे बाराच्या एकशे बारा नमुन्यांतले पाणी सव्वीसच्या आसपासचे होते.

पानशांनी पाठकोऱ्या कागदावर गणित केले. दोनदा केले.

“हिच्यासारखं पाणी असेल तर आपली रेघ आठवर नाही,” ते म्हणाले. “पावणेपाचवर आहे. पाच असलेली बाई आपण पास करतो. आणि करतच राहू.”

“अशा किती आहेत?” रजनीबाईंनी विचारले.

सुचेताने नोंदवही आणली होती. ‘डूबी’ची खूण असलेल्या आणि अजून बाळंत न झालेल्या बायका तिने बसमध्येच मोजल्या होत्या. शहाण्णव.

“त्यांतल्या काठावरच्या कोणत्या?”

कार्डावर आकडा नव्हता. थेंब झटकन बुडाला की रेंगाळत बुडाला, हेही लिहिलेले नव्हते. पानशांनी तसे लिहिण्याची जागाच ठेवली नव्हती.

“मी त्या बाटल्या भरल्या,” रजनीबाई म्हणाल्या. “एकेक थेंब मोजून. तुम्ही म्हणालात, रजनी, एवढं सांभाळलं की चूक होणारच नाही.”

पानसे म्हणाले, “हो. म्हणालो होतो.”

सोमवारी पानशांनी पंधरा दिवसांची रजा टाकली. रविवारच्या दुपारी त्यांनी साहलीच्या तीन नळ्या मावतील अशी लाकडी पेटी केली होती, आतून फलाटीन लावलेली. पहिल्या बसने ते आणि सुचेता पाटनझिरीला निघाले.

सुमन ठाकुर केंद्राच्या ओसरीवर वाट पाहत होती. वय एक्केचाळीस, बारा वर्षे याच चौदा गावांत. रमोतीच्या दोन्ही तपासण्या तिनेच केल्या होत्या. गेल्या सहा दिवसांत तिला कोणी काही विचारले नव्हते. ती पानशांना बसा म्हणाली नाही.

“बोतल खराब थी?” तिने विचारले.

“नहीं. बोतल ठीक थी.”

“तो मेरे हाथ से गलती हुई.”

“नहीं,” पानसे म्हणाले. “बूँद सच में डूबी होगी. गलती बनाने में हुई. मेरी है.”

सुमनने सुचेताकडे पाहिले. सुचेताने मान हलवली.

“आपने उसकी आँख देखी थी?” पानशांनी विचारले.

“देखी थी. कागज जैसी सफेद. दोनों बार.”

“फिर?”

“फिर क्या, साहब? बूँद डूब गई. आपने ही ट्रेनिंग में तीन बार बुलवाया था, आँख से नहीं, बोतल से. हम सब ने जोर से बोला था, आपको याद होगा. मैंने सोचा, मेरी ही आँख खराब हो गई है. चश्मे का नंबर भी निकलवाया रायसेन जाकर.”

पानशांनी पिशवीतून वही काढली. “ऐसी और कितनी थीं? आँख सफेद और बूँद डूबी?”

“गिनती तो आपने लिखवाई नहीं. खाने दो ही थे.”

“लिखी नहीं, मालूम है. याद हैं?”

“याद क्यों नहीं होंगी? मैं उनके घर जाती हूँ.”

तिने गावागावाने सांगायला सुरुवात केली. पानसे लिहीत गेले. बाईचे नाव, नवऱ्याचे नाव, टोला म्हणजे वस्ती, कितवे बाळंतपण. मध्ये ती दोनदा अडली, एका नावावर डोळे मिटून विचार केला आणि ते नाव वगळायला लावले. “नहीं, वो गोरी है, इसलिए लगता है.” चाळीस मिनिटांत बावीस नावे झाली. ज्या नर्सने कधीकाळी एकशे चाळीस वेळा साडेनऊ लिहिले होते ती हीच, हे पानशांना माहीत होते. तरी फेरतपासणीचा क्रम त्यांनी या यादीवरून लावला. दुसरा काही आधार नव्हता.

पहिले गाव बेलटोला. तिथे यादीतल्या दोघी त्या दिवशी घरी होत्या. रमोतीचे घर वाटेवरच होते. पानसे तिथे थांबले. सासू अंगणात बसून बोळ्याने पोरीला दूध पाजत होती. आत जाऊन तिने कार्ड आणले आणि पानशांसमोर धरले.

“जामें तो अच्छो लिखो हतो न, बाबू?”

“हाँ. अच्छा लिखा था. गलत लिखा था.”

“कौन ने लिखो?”

“मैंने,” पानसे म्हणाले.

“खूण तर मी केली,” असे सुमन हिंदीत म्हणाली, आणि दोघांच्या मध्ये उभी राहिली. म्हातारीने एकाकडून दुसरीकडे पाहिले. तिला हे नीट समजले असे दिसले नाही. पानशांनी कार्ड मागितले, तपासासाठी. तिने दिले नाही. पोरीला दुधाची भुकटी मिळायची तर कार्ड दाखवावे लागेल, असे कोणीतरी तिला सांगितले होते. सुचेताने भुकटी कार्डाशिवाय मिळेल असे सांगितले तरी तिने ते पुन्हा पदराला बांधले.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत बेलटोल्यात आणि शेजारच्या टोल्यात अकरा बायकांची साहली झाली. एकेका तपासणीला दहा मिनिटे लागत होती. पानसे आकडे लिहीत होते. यादीतल्या चौघींचे आकडे आले ५.२, ६.४, ४.६ आणि ७. यादीत नसलेल्या सात जणी आठच्या वर होत्या. ४.६ वाली बाई डोक्यावर दोन हंडे घेऊन आली होती.

पुढच्या बारा दिवसांत गावे संपली. ३१ मार्चच्या रात्री केंद्रावर केलेल्या बेरजेनुसार शहाण्णवपैकी एक्याऐंशी बायका तपासून झाल्या. एकोणीस जणी आठच्या खाली निघाल्या. त्यांतल्या पंधरा सुमनच्या यादीतल्या. यादीतल्या फक्त दोन नावांच्या बाबतीत तिची नजर चुकली होती. सहा जणींना भोपाळला नेऊन रक्त द्यावे लागले. रक्त देणाऱ्यांत पिपलानीच्या व्हरांड्यात बाटल्या भरणाऱ्या बारापैकी नऊ जणी होत्या. रजनीबाईंचे वजन कमी भरले म्हणून त्यांना परत पाठवण्यात आले. त्या दुसऱ्या दिवशी पुन्हा गेल्या आणि पुन्हा परत आल्या.

डबे पानशांनी परत मागवले नाहीत. तरंगलेला थेंब आला तर त्या बाईला केंद्रावर आणायचेच होते. त्यांनी झाकणातला चौथा नियम ब्लेडने खरवडून काढला आणि कार्डावर सायक्लोस्टाईल करून दोन रकाने वाढवले. एक ‘आँख’, दुसरा ‘तिल्ली’, म्हणजे प्लीहा. सुमनने पहिले कार्ड पाहून विचारले की आँखच्या रकान्यात काय लिहायचे.

“तुम्हें जो दिखे.”

“और बूँद कुछ और बोले तो?”

“तो बाई को लेकर आना.”

“पैदल?”

सुचेता म्हणाली, “बैलगाडीचं लिहून पाठवलं आहे, सुमन. बघू.” ते तिने मराठीतच सांगितले. सुमनला समजले.

तपासायच्या राहिल्या पंधरा. त्या गावात नव्हत्या. मार्चच्या मध्याला या भागातली निम्मी घरे गहू कापायला विदिशा-बीनाकडे जातात. चैतात जातात म्हणून त्यांना चैतुआ म्हणतात. नवरा, बायको, पोरे, भांडी, विळे, सगळे एकत्र. एका शेतातले काम संपले की पुढच्या शेतात. पत्ता असा नसतो. गरोदर बाई मागे राहत नाही, कारण मजुरी धान्यात मिळते आणि कापणाऱ्या हातावर मिळते. पंधरापैकी पाच जणी सुमनच्या यादीतल्या होत्या.

पानशांनी रजा वाढवली. त्यांनी हिंदीत चाळीस पोस्टकार्डे लिहिली आणि विदिशा, गंज बासोदा, बीना या पट्ट्यातल्या पोस्टमास्तरांना, पटवाऱ्यांना आणि पंचायतींना पाठवली. प्रत्येकावर पाच नावे, गाव, बरोबरच्या टोळीच्या मुकादमाचे नाव, आणि एक ओळ होती. ‘यांना प्रसूतीच्या आधी जवळच्या मोठ्या इस्पितळात पोचवावे, रक्त कमी आहे, त्यांना सांगितले गेलेले नाही.’ पानशांना ‘सांगितलेले चुकीचे आहे’ असे लिहायचे होते. सुचेता म्हणाली की पोस्टमास्तर त्याचा काय अर्थ लावेल सांगता येत नाही.

७ एप्रिलला यादीतली एक बाई स्वतःच परत आली. हिमोग्लोबिन ६.१. तिला भोपाळला नेले. १० एप्रिलला कुरवाईहून निरोप आला की दुसरी तिथे शेतात बाळंत झाली, दोघेही ठीक आहेत. १४ तारखेला आणखी दोघी एका टोळीबरोबर परतल्या. एक ७.२, एक आठच्या किंचित वर.

यादीतल्या पाचांपैकी राहिली बिरजोबाई. वय एकोणीस, पहिलटकरीण, बेलटोल्याच्या खालच्या टोल्याची. तिची एकच तपासणी झाली होती, १२ फेब्रुवारीला. डूबी. सुमनच्या हिशेबाप्रमाणे तिचे दिवस १५ ते २५ एप्रिलच्या दरम्यान भरणार होते.

१८ एप्रिलला गंज बासोद्याच्या पुढच्या एका शेतकऱ्याचे पोस्टकार्ड पाटनझिरीला पोचले. पोस्टमास्तरने पानशांचे कार्ड त्याला वाचून दाखवले होते. त्याने कळवले की या बाजूची एक टोळी बारा तारखेपर्यंत त्याच्या विहिरीवर उतरली होती. मुकादमाचे नाव जुळते. टोळीत एक तरणी बाई होती. तिच्याने पेंढी उचलत नसे, चार पावले चालली की बसायची, म्हणून तिला पोरे राखायला झाडाखाली ठेवत. गरोदर होती. नाव त्याने विचारले नाही. तेराच्या सकाळी टोळी बीनाच्या दिशेने गेली. बाई गाडीत होती की पायी, हे त्याला आठवत नाही.

शनिवारी, २१ एप्रिलला, पानसे आणि सुमन भोपाळच्या हबीबगंज स्टेशनवरून सकाळच्या पॅसेंजरने बीनाला गेले. सुचेता केंद्रावर थांबली. सायंकाळी पाच वाजता बीना स्टेशनच्या तारघरातून पानशांची तार आली. टोळी शुक्रवारी स्टेशनच्या मालधक्क्याजवळ उतरली होती, आज पहाटे तिथून हलली. मुकादमाने हमालांना सांगितले होते की सागरकडे जायचे आहे. टोळीत माणसे सतरा होती. त्यांत बायका किती होत्या, हे हमालांना सांगता आले नाही.